काकूंचा न धुतलेला स्वेटर

हिवाळ्याची सुट्टी लागली की आमच्या इमारतीतली माणसं बाहेर पडतात आणि किल्लीमावशी आत शिरते. एरवी तिचं इस्त्रीचं दुकान. पण सुट्टीत दुकान बंद ठेवून ती लोकांची कुत्री-मांजरं सांभाळते. तेव्हा तिच्या कमरेला इतक्या किल्ल्या लटकतात, की ती जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरची कुत्री शेपट्या हलवू लागतात.

तिची अट एकच. "जनावर ज्याच्या हातचं खातं, त्याचा अंगावरचा कपडा द्या. आणि धुवायचा नाही हं!" जन्मभर दुसऱ्यांचे कपडे हाताळल्यामुळे असेल, माणूस आपल्या कपड्यात थोडा उरतो यावर तिचा ठाम विश्वास. म्हणून ती डॉक्टरांचा कोट घालून डॉक्टरांच्या कुत्र्याला भरवते आणि तळमजल्यावरच्या पहिलवानाचं जाकीट घालून त्याच्या सशापुढे गवत टाकते. त्या जाकिटात मावशी दिसतच नाही, नुसतं जाकीट चालत आल्यासारखं वाटतं. सशाची तक्रार नसते.

यंदा चष्म्याच्या दुकानाचे काका लेकीकडे निघाले. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे राहिली होती ती काकूंची म्हातारी मांजरी. काकांनी मावशीच्या हातात निळा स्वेटर ठेवला.

"हा तर बाईंचा!"

"तिच्याच हातचं खायची ना. मी वाढतो ते माझ्यावर उपकार म्हणून खाते."

"धुतला नाहीत ना?"

"धुववला नाही," काका म्हणाले. मग स्वेटरची बाही नीट करत, "मावशी, आता एवढीच राहिलीय हो घरात. जपा."

"हिटरपाशी फिरकू देणार नाही, वायरी गुंडाळून ठेवते, खिडकी उघडत नाही. कपाट लावायच्या आधी आत हात फिरवून बघते. तुम्ही निर्धास्त जा. आणि तिकडे नातवंडांना डोक्यावर बसवून घेऊ नका."

स्वेटर घालून मावशी आत गेली की मांजरी यायची, खायची. पण मावशीकडे बघायची नाही. तिच्या डोक्याच्या जरा वर बघायची, उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. काकू मावशीपेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या.

"माझं तोंड इथं आहे, बये," मावशी सांगायची. मांजरीची नजर खाली यायची नाही. मग मावशी मान न वळवता बशी धुवायची आणि चपला घालायची.

एका दुपारी गारठा फारच वाढला. मांजरीला अंथरायला मावशीनं दिवाणाचं झाकण उचलून काकूंची एक रजई काढली आणि तिथंच उभ्याउभ्या घडी घालायला घेतली. घडी फार सोपी पडली. रजईचं दुसरं टोक हवेत नीट ताणलं गेलं होतं, समोरून कुणी धरावं तसं. मावशीनं रजई टाकली, झाकण धाडकन आपटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्यायली. आत हात फिरवून बघायचं तेवढं राहिलं.

दूध ओतलं, बशी वाजवली. मांजरी येईना. मावशीनं धुण्याचं मशीन पाहिलं, फ्रिजच्या मागे पाहिलं, पडदे झटकले. दार बंद, खिडक्या बंद. कुठं म्याव नाही की खुडबुड नाही. घर जागच्या जागी होतं, मांजरी तेवढी नव्हती. काकांना तोंड कसं दाखवायचं? तिनं फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"काका, रागवायचं ते मागाहून रागवा. मांजरी सापडत नाहीये. बाई तिला हाक कशी मारायच्या?"

पलीकडे शांतता. मग खोलीत स्पष्ट शब्द आले, लाडानं रागावल्यासारखे.

"भवाने, कुठं उलथलीस गं?"

दिवाणात नखं वाजली.

मावशीनं झाकण भिरकावलं. उरलेल्या रजयांमध्ये मांजरी जबडा उघडा टाकून धापा टाकत होती. काकूंचा वास लागला तशी आत शिरली असणार, आणि तिथं इतकी सुखात होती की कोंडली गेली तरी हूं की चूं केलं नव्हतं. मावशीनं आपला नियम मोडून खिडकी उघडली आणि तिला वाऱ्यावर धरलं. बऱ्याच वेळानं मांजरी तिच्या तोंडावर शिंकली.

"सापडली हो काका!" मावशी ओरडली. पलीकडून नुसते हुंदके.

दुसऱ्याच दिवशी काका परत आले. मांजरीला मांडीवर घेऊन बसले.

"मावशी, ती हाक अगदी हुबेहूब मारलीत. कुणी शिकवली तुम्हाला?"

"मी कुठली? तुम्हीच नाही का फोनवरून मारलीत! आवाज बायकी लागला, पण म्हटलं रडवेले झाले असतील."

"मला बोलवतच नव्हतं. फोन कानाशी धरून नुसता उभा होतो."

मांजरीनं मान वर केली, दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जरा उंचावर पाहिलं आणि घुरघुरायला लागली.

काका पुन्हा लेकीकडे गेले नाहीत. दिवाणाच्या झाकणाखाली त्यांनी लाकडी ठोकळा ठोकून घेतलाय. मांजरी आत अडकू नये म्हणून, असं सांगतात. त्यासाठी चार बोटांची फट पुरली असती. काकांनी चांगली हातभर ठेवली आहे.