ओढ्यातलं जुनं पाणी

मुलीकडचे लोक घर बघायला येतात तेव्हा घर बघत नाहीत, विहीर बघतात. आटपाडीच्या पलीकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात पाहुणे कृष्णाकाठचे, उसाचे धनी असले तर विचारूच नका. चपला काढायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न तयार असतो, पाण्याखाली रान किती? हे लोक मुलगी द्यायला आलेत की ऊस लावायला, असा प्रश्न मला दरवेळी पडतो.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न याच प्रश्नावर वर्षानुवर्षं अडलं होतं. पस्तिशी ओलांडलेला, निर्व्यसनी, मेंढरं आणि चार डाळिंबं सांभाळून राहिलेला माणूस. कालव्याचं पाणी शेजारच्या गावापर्यंत आलं आणि आमचा चढ बघून तिथंच थांबलं. मग तिथली टुकार पोरंही बाशिंग बांधून मोकळी झाली आणि हा बसून राहिला. गेल्या दिवाळीनंतर एका मध्यस्थानं कृष्णाकाठचं स्थळ आणलं, तेव्हा मी शाळेत रजा टाकून तासगावहून मुद्दाम गेले. हे फिसकटलं तर यानंतर कुणी येणार नाही, हे घरात सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

आता आमचे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आणि त्यांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मी भूगोल शिकवते. एका सुट्टीत आमच्या ओढ्याची दरड ढासळलेली बघून मी घरी सांगितलं होतं, की आतले नारळाएवढे गुळगुळीत गोटे या मरतुकड्या ओढ्याच्या बापालाही हलवता येणार नाहीत. गोट्यांच्या वर काळी चिकणमाती आहे आणि तिच्यात साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या गोगलगायींचे बारके शंख आहेत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी इथं भरपूर पाऊस पडत असणार, पाणी बारा महिने तुंबून राहत असणार. सांगितलं ते एवढंच. तात्यांनी मात्र ते वडिलोपार्जित मालमत्तेच्या खात्यात जमा करून टाकलं.

मुलीचे वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. मिशीला पीळ, बोटात जाड अंगठी. त्यांनी आमच्या विहिरीत वाकून पाहिलं आणि खाली थुंकावं की नाही, या विचारात क्षणभर उभे राहिले.

"ह्ये तर वाळवंट हाय की," ते म्हणाले.

तात्यांना मिरची लागली. "वाळवंट? चला पावणं, दावतो तुमास्नी."

मग ही सगळी वरात भर उन्हात ओढ्याकडे निघाली. पुढे काठी परजत तात्या, मागे सुभेदार, त्यांच्या मागे बाभळीच्या काट्यांतून पांढरे बूट सांभाळणारा मध्यस्थ आणि शेवटी आम्ही दोघं बहीणभाऊ. तात्यांनी दरडीवर काठी आपटली.

"ह्ये गोटं बगा. कुणी आनलं? पान्यानं! आन् ह्ये शंख. तुमची किष्णा व्हायला लागायच्या आदी आमच्यात तळं हुतं."

कृष्णेचं वय तात्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मध्यस्थानं तर शंख बघून हातच जोडले. "म्हंजी द्वारका हिकडंच हुती म्हना की!" अशा माणसांच्या हातात आपल्याकडची लग्नं असतात.

मला राहवेना. शंख समुद्राचे नाहीत, गोड्या पाण्यातले आहेत, हे मी सांगितलं. मधला चुनखडीचा पांढरा पट्टा दाखवला. खालचा थर ओल्या काळाचा, हा पट्टा कोरड्या काळाचा, त्याच्यावर पुन्हा गोटे आणि गाळ, म्हणजे पुन्हा ओला काळ. सुभेदार बारकाईनं ऐकत होते.

"म्हंजी आत्ता कोरडा चाललाय."

"हो."

"मग वला कवा हुनार?"

"त्याला काही हजार वर्षंसुद्धा लागतील," मी म्हणाले. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काठी माझ्याच पाठीत बसते की काय असं वाटलं.

"बाई, मी जैसलमेरकडं हुतो," सुभेदार म्हणाले. "तिथं झाडांचं दगड झाल्यात. लय मोठं जंगल हुतं म्हनं. आमी तिथं टँकरचं पानी मापानं प्यालो."

त्यांच्या गावच्या रानांना पाणी पाजून पाजून मीठ फुटलंय, हे मला चांगलं माहीत होतं. अशा पांढऱ्या पडलेल्या जमिनीचा मालक आम्हाला वाळवंट म्हणतो, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भावासाठी मी शब्द गिळला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेले.

दिवस मावळायच्या आत मध्यस्थाचा फोन आला. तात्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"घर चांगलं हाय, मानसं चांगली हायती. पन पानी लय जुनं पडतंय म्हनत्यात."

तात्यांनी सुभेदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. मीही चार शिव्या हासडल्या. नकाराची सवय होती, पण या मिशाळ माणसानं आमची टर उडवत तो द्यावा, हे मला सहन होत नव्हतं. मग तात्यांची आणि माझीच जुंपली. दरड दाखवायचीच होती तर नीट सांगायचं होतं, असं मी म्हणत होते, आणि शिकलेल्या बाईनं हजार वर्षांची मुदत घातली म्हणून सोयरीक मोडली, असं तात्या म्हणत होते.

भाऊ मेंढरांना पाणी ठेवून आला होता. हात पुसत तो दारात उभा राहिला.

"तात्या, पुढच्या पावण्यास्नी वड्याकडं नेऊ नगा."

"आन् मग दावायचं काय रं? हीर तर कोरडी हाय."

"आवं, मला दावा की," भाऊ म्हणाला. "दिसभर तुमच्या मागनं फिरतोय. तुला काय वाटतं म्हून कुनी इचारलं न्हाई. आक्का, तूबी न्हाई."