ओरिजिनल कपाटात, सिस्टर अलिबागला

“उद्याच्या मॉर्निंगला निर्मलाचं नाव घाला, सिस्टर,” डॉक्टर म्हणाले.

मी ड्युटी चार्ट लिहीत होते. कोणती सिस्टर कोणत्या पाळीला, याचा तक्ता. निर्मला दुसऱ्या दिवशी येणारच नव्हती. तिला अलिबागला जायचं होतं आणि हे डॉक्टरांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण रजा तिने त्यांच्याकडेच मागितली होती.

“ती नाहीये उद्या.”

“कागदावर असू दे. इन्स्पेक्शन आहे.”

मी नाव घातलं. खाली सही केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे, आणि चिडणाऱ्या बाईचे स्वतःचे हात कितपत स्वच्छ होते ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

पनवेलला महानगरपालिका झाली त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. नवीन पनवेलच्या एका पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये मी इन्चार्ज सिस्टर होते. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे छोटं खासगी हॉस्पिटल. ते चालवायला रजिस्ट्रेशन लागतं, ठराविक वर्षांनी ते रिन्यू करावं लागतं, आणि त्या वेळी तपासणी होते. पेशंटला सलाइन लावणारी बाई खरोखर नर्स आहे का, हे त्यात बघतात. नर्स म्हणजे कोर्स पास झालेली आणि नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलेली. त्या नोंदणीचं सर्टिफिकेट मिळतं. आमचं पोट त्या एका कागदावर.

आमच्याकडे कागदावर पाच क्वालिफाइड सिस्टर होत्या. प्रत्यक्षात दोन. मी आणि निर्मला. बाकी पांढरे कपडे घातलेल्या मुली होत्या, दहावी-बारावी झालेल्या, मीच हाताखाली शिकवलेल्या. कामाला चलाख, पण नर्स नव्हेत. उरलेल्या तीन खऱ्या सिस्टर केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांची सर्टिफिकेटं मात्र गेली नव्हती. ती डॉक्टरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात होती.

त्याचं असं की, जॉइन होताना ओरिजिनल जमा करायची पद्धत होती. कुठल्या कायद्यात लिहिलंय म्हणाल, तर कुठल्याच नाही. मुलगी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. गेलीच तर कागद राहतो आणि तपासणीच्या दिवशी तो कागद ड्युटी करतो. त्या तिघी मागून मागून थकल्या आणि गेल्या. आम्ही सगळ्या याला “सिस्टीम” म्हणत होतो. गुलामी म्हणायला जीभ रेटत नव्हती.

निर्मला उरणजवळच्या करंजाची. वडील बोटीवर, आई मासळी विकणारी. त्यांच्या घरातली ती पहिली नर्स. सरकारी भरतीत तिची निवड झाली होती आणि शुक्रवारी अलिबागला कागदपत्रांची पडताळणी होती. ओरिजिनल दाखवायची. नाही दाखवली तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला. आणि नेमकं त्याच शुक्रवारी अकरा वाजता आमचं इन्स्पेक्शन.

ती आठवडाभर केबिनच्या दाराशी जात होती.

“सर, एका दिवसापुरतं द्या. तुम्हाला झेरॉक्स देते.”

“इन्स्पेक्शनला ओरिजिनल लागतं गं.”

“त्यांनाही ओरिजिनलच लागतं, सर.”

“मग त्यांच्याकडून पुढची तारीख घे. एवढी घाई काय आहे? इथे काय कमी आहे तुला?”

शेवटी शुक्रवारी पहाटे ती झेरॉक्स घेऊन करंजाहून लाँचने रेवसला आणि तिथून अलिबागला गेली. काहीतरी होईल या आशेवर. इकडे सकाळी नऊ वाजता तिची आई आमच्या वेटिंगमध्ये येऊन बसली. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोली, हातात रिकामी कापडी पिशवी.

“कागद घेतल्याबिगर मी उठायची नाय,” तिने रिसेप्शनला सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. “सिस्टर, कागद तुमीच घेतलं ना पोरीकडना? मी बाजूलाच उभी होती.”

हो. मीच घेतला होता. “दे गं, सगळ्यांचीच ठेवतात,” असंही वर म्हणाले होते. मी ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत आत गेले आणि उगाच कापूस मोजत बसले. लाज वाटली, साफ लाज वाटली.

अकरा वाजता तपासणीच्या मॅडम आल्या. स्वतः डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. लेबर रूम बघितली, ऑक्सिजन बघितला, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या बघितल्या. मग केबिनमध्ये बसून स्टाफची फाइल उघडली. पाच सर्टिफिकेटं, प्लॅस्टिकच्या कव्हरांत. शेजारी माझा ड्युटी चार्ट.

तेवढ्यात माझ्या एप्रनच्या खिशात मोबाइल वाजला. मी बाहेर येऊन घेतला. निर्मला.

“सिस्टर, पाच वाजेपर्यंत थांबतो म्हणालेत. पाचनंतर नाही.” रडत नव्हती. रडून झालं असावं.

घड्याळात साडेअकरा. मी केबिनमध्ये परत गेले.

“मॅडम, निर्मलाचं सर्टिफिकेट बघून झालं असेल तर मला द्याल का? तिला ते आज पाचच्या आत अलिबागला लागतंय.”

डॉक्टर हसले. “साळवी सिस्टर, ते आपण नंतर बघू.”

मॅडमनी चार्टवर बोट ठेवलं. “ही तर आता मॉर्निंगला आहे ना? मग अलिबागला कोण आहे?”

“तीच.”

“मग मॉर्निंगला कोण आहे?”

“मी. आणि दोन मुली. त्या नर्स नाहीत.”

“आणि या बाकीच्या तिघी?”

“सोडून गेल्या, मॅडम. त्यांचे कागद दिले नाहीत म्हणून इथे आहेत.”

डॉक्टर खुर्चीतून उठले. “सिस्टर, तुमचंही सर्टिफिकेट याच फाइलमध्ये आहे, विसरू नका.” एका सरकारी बाईसमोर त्यांनी हे बोलून दाखवलं. मला वाटतं, यात काही चुकीचं आहे हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. माझं डोकं फिरलं ते तिथे.

“चार्टवर सही कोणाची?” मॅडमनी विचारलं.

“माझी. चार्ट खोटा आहे. सही खरी आहे.”

मॅडमनी निर्मलाचं सर्टिफिकेट कव्हरमधून काढलं, नंबर टिपून घेतला आणि माझ्यापुढे धरलं.

“ज्याचं त्याला द्यायला माझी परवानगी कशाला लागते?”

बरोबरच होतं. कोणाचीच लागत नव्हती. त्या कपाटाची किल्ली सहा वर्षं माझ्या नजरेसमोर खुंटीला होती.

मी धावत वेटिंगमध्ये गेले. आईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. “योच ना?”

“हाच. घडी घालू नका.”

“घडी कशाला घालू? पोरीची तीन-साडेतीन वर्षं हायेत याच्यान.” तिने तो एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात घालून छातीशी धरला आणि एसटी स्टँडकडे निघाली. वडखळला गाडी तासभर अडकली. चारनंतर ती अलिबागला पोचली. निर्मलाचा फोन आला, पण बोलली आईच: “घेतला त्याइनी. शिक्का पन मारला.”

निर्मला पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली. आमच्या नर्सिंग होमचं रिन्यूअल अडलं, खऱ्या सिस्टर नेमेपर्यंत. “पनवेलमध्ये क्वालिफाइड नर्स मिळतच नाहीत हो,” असं डॉक्टर मला सहा वर्षं सांगत होते. तीन आठवड्यांत तीन मिळाल्या. जुन्या तिघींचे कागद मॅडमच्या आदेशावरून पोस्टाने त्यांच्या घरी गेले.

खोट्या चार्टबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. ते योग्यच झालं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मला “उद्यापासून येऊ नका” सांगितलं. माझं सर्टिफिकेट मी दुपारीच फाइलमधून काढून पर्समध्ये टाकलं होतं. जन्मात एकदाच चोरी केली, तीही स्वतःच्या वस्तूची.

चार महिने घरी बसले. मग पनवेलशेजारी करंजाडेला एक नवं हॉस्पिटल निघालं, तिथे मुलाखतीला गेले. तरुण डॉक्टर, बोलायला गोड. सगळं ठरलं आणि शेवटी म्हणाले, “ओरिजिनल तेवढं जमा करा, मॅडम.”

मी म्हटलं, “करते. तुमची डिग्री तुम्ही कोणाकडे जमा केलीय?”

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“झेरॉक्स चालेल,” ते म्हणाले.

एका वाक्याचं काम होतं. ते विचारायला मला सव्वीस वर्षं नोकरी करावी लागली.