कपाटावरचं प्रस्थान

हातात येईल ती वस्तू नाना आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे आणि मग ती चिमूट उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे. शेंगदाणा असो, शर्टाचं कापड असो, नाहीतर मी छापून दिलेलं तिकीट असो. साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर उभं राहून उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरला की नाही, हे बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. नोकरी संपली, पण बोटं काही निवृत्त झाली नाहीत. तिकीट चोळून झालं की म्हणायचे, "दाना धरलाय, ताई. आता बिगडत न्हाई."

नगरला माझं तिकिटं काढून देण्याचं छोटंसं दुकान आहे. गिऱ्हाइकं ठरलेली, कुणी दिल्लीला निघालेलं, कुणी तिरुपतीला. अशा दुकानात तिसगावहून एक पांढरी टोपी येते आणि "फिलिपीन्सला जायाचंय, तिथल्या आतल्या इमानांसकट" असं म्हणते, तेव्हा तुम्हीसुद्धा माझ्यासारखीच खुर्ची पुढे ओढली असती.

हकिगत अशी होती. नानांना एकच मुलगी. जावई केमिस्ट. आपल्याकडची साखरेतली पोरं हल्ली आफ्रिकेपासून त्या बेटांपर्यंत कुठेही कामाला जातात, तसा हाही गेलेला. घर बाकोलोद नावाच्या शहरात. मुलीला दिवस गेलेले, पहिलंच बाळंतपण आणि पोटात मूल आडवं. डॉक्टरांनी लांबचं विमान बंद केलं आणि सेबू शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आधीपासून दाखल व्हायला सांगितलं. जावयाच्या कारखान्याचा हंगाम ऐन भरात, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि मुलीची आई तर कधीच गेलेली. पोर परक्या मुलखात एकटी पडली होती.

"पहिलं बाळातपन म्हायेरात व्हतं," नाना म्हणाले. "तिला हिकडं येता येत न्हाई, मंग म्हायेरानंच तिकडं जायाचं. दुसरं काय?"

आणि माहेर म्हणजे हा एकटा म्हातारा. तिसगावात पुतण्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा.

मी बेत आखायला घेतला. मुंबई ते मनिला, मनिला ते बाकोलोद, बाकोलोद ते सेबू, सेबूहून परत मनिला आणि मुंबई. मी म्हटलं, नाना, तोवर मुलगी सेबूला असेल, तर सरळ सेबूला जा, एक विमान वाचेल. ऐकतील तर शपथ. "लेकीचं घर बघायचं हाय. नांदती कशी, ते दवाखान्यात न्हाई कळत." मग मी त्यांना समजावलं की आतली विमानं वेगळ्या कंपनीची, मनिलाला एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जावं लागतं, आणि सामानाचं वजन आत फार कमी चालतं. त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा, आळीव, बाळंतशेपा, टोपडी, झबली असा संसार माझ्या टेबलावर मांडला. हे बसणार नाही म्हटल्यावर शांतपणे म्हणाले, "मंग माझी कापडं काडा. मला एक जोडी बास."

सगळं जमलं, आणि मुहूर्त आडवा आला. गुरुजींनी काढून दिलेला दिवस विमानाच्या बराच आधीचा होता. नंतरचे दिवस वाईट. तेव्हा नानांनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नसतं. चांगल्या मुहूर्तावर निघता येत नसेल, तर त्या वेळी थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून वाटेवरच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला. पाय मागाहून निघाले तरी चालतं.

"तुमचं दुकान वाटंवर हाय," म्हणत त्यांनी पिवळं गाठोडं माझ्या कपाटावर ठेवलं. मी चेष्टेनं विचारलं, "आतल्या विमानांना एकेक वेगळं नको का?" त्यांनी ते मनावर घेतलं. दोन दिवसांनी गुरुजींना विचारून आले. "एकच बास म्हनले. घरी माघारी येस्तवर तेच चालतं."

इथपर्यंत मी हसत होते.

त्यानंतर नाना दुकानात आले, पण बसेनात. एरवी आल्या आल्या खुर्ची पंख्याखाली ओढणारा माणूस दाराशी बॅग धरून उभा. "बसा की." "आता पोचंस्तवर बसायचं न्हाई, ताई. निघालोय न्हवं का." पुतण्याचा फोन आला, तो वेगळाच. काका घरात पाऊल टाकत नव्हते. ओट्यावरच जेवायचे, तेही उभ्यानं, आणि रात्री तिथंच पाठ टेकायचे. पुतण्याच्या बायकोला परक्या पाहुण्यासारखं विचारायचे, "काय पोरी, बरं हाय ना समदं? पानी मिळंल का वाईच?" पुतण्या म्हणाला, "आमी आदी हसायचो. आता पोरं भ्यात्यात वो."

मी नानांना दटावलं. ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "मनिलाचं ते दुसरं टर्मिनल लई लांब हाय की वो. पाय दुखून आलं."

"नाना, तुम्ही अजून गेलाच नाहीत."

"व्हय, व्हय," ते म्हणाले, जसं काही मलाच समजूत हवी होती. मग जाता जाता, "पोरीच्या फाटकाला कुत्रं हाय. पर चावत न्हाई."

त्या दुपारी मुलीचा फोन आला. ती सेबूला दवाखान्यात पोचली होती आणि नानांच्या विमानाची वेळ विचारत होती. बोलता बोलता मी सहज विचारलं, तुमच्याकडे कुत्रा आहे का? ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं? घर मोकळं राहतं म्हणून ह्यांनी कालच आणलाय. मी पण अजून नानांना बोलले न्हाई." मी काहीतरी थाप मारून फोन ठेवला आणि कपाटाकडे पाठ होणार नाही अशा बेतानं खुर्ची फिरवून घेतली. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणत बसले होते.

निघायच्या आदल्या दिवशी तिकडे वादळ आलं. आतली विमानं रद्द, मग मुंबईचंही पुढे ढकलावं लागलं. मी नानांना म्हटलं, गाठोडं घरी न्या, नवा मुहूर्त बघू, चार दिवस घरात नीट जेवा, झोपा. चेहरा उतरून गेला होता त्यांचा. मला खरंच त्यांची काळजी वाटत होती. त्यांनी हातच जोडले. "ते हलवू नका, ताई. ते माघारी आलं म्हंजी मी माघारी आलो. पोर तिथं एकली हाय."

विमानं सुरू झाली तशी मी नवी तिकिटं काढली. ती द्यायला फोन केला, तर पुतण्यानं उचलला.

"काका आज बसले, ताई," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "दुपारच्याला ओट्यावर बसले. पायात बूट, शेजारी बॅग. मला वाटलं, सुटलो एकदाचं, डोक्यातलं गेलं. च्या घेता का म्हून हाक मारली, तर ओ न्हाई."

मुलीला कळवायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं. तुम्ही आम्ही कुणीही हेच ठरवलं असतं. अवघडलेली बाई, मूल आडवं, त्यात बापाची अशी बातमी. जावयाला तेवढं सांगितलं. पण तिच्याशी बोलणार कोण? घरच्यांना बोलता बोलता रडू फुटायचं. मग ठरलं की विमान लांबलंय एवढंच तिकीटवाल्या ताईंनी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. वादळ, रद्द झालेली विमानं, अडकलेले प्रवासी, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग हसली.

"ताई, कशाला चेष्टा करताय? नाना कालच आले की."

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"बाहेरच्या बाकावर बसलेत. इथून काचेतून दिसतात मला. आत या म्हटलं, तर म्हणतात, हितंच बरा हाय, बाळातिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम. लई चालावं लागलं म्हणे. पाय चेपत बसलेत. लाडू मात्र आणले न्हाईत, बॅग मागं राहिली म्हणाले."

दुपारचं ऊन दारात पडलेलं, रस्त्यावर टेम्पो उभा, समोरचा रसवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतोय, आणि मी फोन धरून बसलेली. तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती निवांत वाटत होती. मी एवढंच म्हटलं, "त्यांना म्हणावं, बसा आता आरामात."

दहाव्याला पुतण्या आला. अस्थी पैठणला न्यायच्या होत्या, त्याबरोबर ते गाठोडंही गोदावरीत सोडू, असं भावकीतल्या थोरल्यांनी सांगितलं होतं. त्यानं हात वर केला आणि मी ओरडले. स्वतःच दचकले इतकी ओरडले.

"राहू दे ते. ती मोकळी होऊ दे आधी."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिकलेली बाई, दिवसभर कॉम्प्युटरवर विमानं शोधणारी, आणि तांदळाच्या गाठोड्याला हात लावू देईना. माझ्यावर हसणारी पहिली मीच असते. पण तिकडे एक मुलगी रोज काचेतून बाकाकडे बघून धीर धरत होती, आणि बाकावरचा माणूस कशाच्या जोरावर तिथं बसला होता, हे मला ठाऊक होतं. पुतण्या हात खाली घेऊन म्हणाला, "बरं. माझी बी छाती हुईना."

मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी कपाटाकडे बघायची. ते फडकं कधी कधी ओलसर लागायचं, भर उन्हाळ्यात. कुणाला बोलले नाही.

आणि मग जावयाचा फोन आला. मुलगी झाली. मूल आपोआप फिरलं, डॉक्टरांनाही नवल वाटलं. दोघी सुखरूप. मी पुतण्याला बोलावून घेतलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि घरातल्याच माणसानं सांगावं असं आमचं ठरलं होतं. जावई तिच्या शेजारी बसला होता. पुतण्यानं फोन लावला, "ताये" म्हणाला, आणि त्याच्यानं पुढे बोलवेना. त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी शब्द जुळवत होते. तिकडून तीच बोलली, अगदी हळू. शेजारी बाळ कुरकुरत असावं.

"ताई, नाना गेले ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई. सकाळी बाकावरनं उठले, पहिल्यांदाच आत आले. बाळाला डोळं भरून बघितलं. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. आणि दारात वळून, ताई, ‘येतो’ म्हणाले न्हाईत. ‘जातो’ म्हणाले."