भाच्यासाठी दिलेलं मत

टेक्ससमधल्या एका छोट्या कौंटीत एमिल कुबेना विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या पक्षाबद्दल. दोन मोठे पक्ष सोडून तो भलत्याच तिसऱ्या पक्षात होता. पंपातून पाणी आलं की गिऱ्हाइकं हसत विचारत, "अजून त्या पक्षात कुणी दुसरं आलं का, की तू एकटाच?" एमिल अवजारं पुसत राही, पण त्यांचं बोलणं विसरत नसे.

त्या वर्षी तो रस्ते-पूल बघणाऱ्या कौंटी कमिशनरच्या जागेसाठी उभा राहणार होता, तोही सख्ख्या मेहुण्याविरुद्ध. अल्विन मारेकने आपल्या शिकारीच्या रानापर्यंत पक्का रस्ता नेला होता, आणि एमिलच्या बाजूचा वाहून गेलेला पूल तसाच ठेवला होता. तरी दर वेळी तो बिनविरोध निवडून येई, कारण दुसऱ्या मोठ्या पक्षाला तिथे उमेदवारच मिळत नसे. जिंकण्याच्या भ्रमात एमिल नव्हता. एकदा तरी मतपत्रिकेवर अल्विनच्या नावाखाली दुसरं नाव छापलेलं लोकांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं. डिसेंबरातच त्याने अर्ज भरला होता.

फेब्रुवारीत त्याची धाकटी बहीण व्लास्ता, म्हणजे अल्विनची बायको, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आली. तिचा मुलगा डॅरेल कॉन्स्टेबलच्या जागेसाठी उभा होता, तिकडे तीही जागा मतांनीच भरतात, अर्थात बापाच्या पक्षाकडून. त्या भागात खरी निवडणूक मार्चमध्येच होते. अल्विनच्या पक्षाने प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या सगळ्यांना खुल्या मतदानात, ज्याला निवडलं, तो नोव्हेंबरात आलाच म्हणून समजायचं. डॅरेलची लढत अटीतटीची आहे, मामाने मत दिलं नाही तर पोराने कुणाकडे बघायचं, असं म्हणत ती रडली. डॅरेलला पोहायला एमिलनेच शिकवलं होतं. मार्चमध्ये तो मत देऊन आला. कारकुनाने त्याच्या मतदार कार्डावर त्या पक्षाचा शिक्का मारला. त्याने कार्ड न बघताच खिशात घातलं.

पुढच्या आठवड्यात पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत एमिलच्या पक्षाची सभा भरली. उमेदवारीवर मोहोर उमटवायची होती. अध्यक्ष बर्नडीनबाई काठी टेकत उठल्या, तेवढ्यात दारात अल्विन येऊन उभा राहिला. त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

"काय शालकबुवा, घरवापसीबद्दल अभिनंदन."

मग त्याने सावकाश समजावून सांगितलं. ज्याने आमच्या प्रायमरीत मत दिलं, तो वर्षभर आमचा. त्याला दुसऱ्या पक्षातर्फे उभं राहता येत नाही, दुसऱ्यांच्या सभेतही बसता येत नाही. "आणि मंडळी, माझ्या पोराला आणखी कुणी कुणी मत दिलंत?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. गावातला प्रत्येक माणूस मार्चमध्ये मत देतो, तसं त्यांनीही दिलं होतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे बर्नडीनबाई तेवढ्या मतदानाच्या दिवशी दवाखान्यात होत्या. एमिलने त्यांनाच उभं राहायची गळ घातली.

"अर्जाची मुदत कधीच संपली," बाई म्हणाल्या. "खड्डा त्यांनी खणलाय, एमिल. पण उडी तू मारलीस, आणि ही बाकीची गाढवं तुझ्यामागून."

एमिल तिथून थेट बहिणीकडे गेला. व्लास्ता स्वयंपाकघरात सॉसेज भरत होती. त्याने उभ्याउभ्याच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिचे हात थांबले नाहीत. "डॅरेलला मत हवं होतं, हे खोटं नव्हतं."

"मी ते नाही विचारलं."

"होतं माहीत. माझ्या नवऱ्याच्या नावाखाली माझ्या भावाचं नाव छापून येणार, आणि मी चर्चमध्ये कुणाशेजारी बसायचं, दादा? तो विचार तू केलास?"

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने हात धुतले, आणि काही झालंच नसल्यासारखं म्हणाली, "रविवारी जेवायला ये. डॅरेल निवडून आलाय, सगळे जमणार आहेत."

एमिल गेला नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरच्याही कुठल्या रविवारी नाही. चर्चमध्ये तो अगदी मागच्या बाकावर बसू लागला, आणि व्लास्ता पुढे, नवऱ्याशेजारी.