पडलेल्या विमानाचे गणित

डॉ. कुसुम लोहकरे मॅडमशी माझी ओळख नव्वदच्या दशकात पुण्याच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवखा होतो. विमानावरच्या रेडिओ अँटेनाचे गणित त्यांनीच मला शिकवले. विमानाचा पत्रा संगणकात तारांच्या जाळीसारखा मांडायचा, प्रत्येक तारेतला विद्युतप्रवाह काढायचा आणि त्यावरून वैमानिकाचा आवाज कोणत्या दिशेला किती दूर पोचेल ते ठरवायचे. संगणक फार हळू चाले. मॅडम तळेघरच्या, शाळेसाठी डोंगर तुडवलेल्या. वाट पाहणे त्यांना जड जात नसे.

काही वर्षांनी एक छोटे पाहणी विमान धुक्यात तळेघरच्याच डोंगरात कोसळले. त्याच्या अँटेनाचे गणित मॅडमनी केले होते. वैमानिक जागीच गेला. त्याचा सहायक विलास, आळेफाट्याचा तरुण, काही वेळ जिवंत होता. आम्ही पाहणीला गेलो, तेव्हा सर्वांत आधी तिथे पोचलेल्या शेतकऱ्याने मॅडमना सांगितले, "त्यो माईकमधी बोलत व्हता, ताई. पन तिकडून कुनीच बोलत नव्हतं."

धक्क्याने रेडिओ बंद पडला असे अहवालात लिहून मोकळे व्हा, असे वरिष्ठांनी सुचवले. मॅडमनी ते विमान संगणकात ओल्या मातीवर पोटावर ठेवले आणि पुन्हा गणित मांडले. रेडिओ चालूच होता, पण पोटाखालचा अँटेना चिखलात दबला होता. त्यांनी तसेच लिहिले. आपल्या आधीच्या गणितात विमान कायम हवेतच धरले होते, हेही लिहिले.

मग विलासचे वडील, गॅरेज चालवणारे दगडूभाऊ, प्रयोगशाळेत आले. मुलगा जागीच गेला असे त्यांना कळवले होते, पण तळेघरहून वेगळेच कानावर आले होते. त्यांनी विचारले, "खरं सांगा बाई. त्यो बोलला, त्ये कुठं गेलं?"

मॅडम म्हणाल्या, "जमिनीत गेलं, भाऊ. विमान असं पडेल, हे मी धरलंच नव्हतं."

ते पाणीही न घेता निघून गेले. बापाला हे सांगायला नको होते, असे आमच्यातल्या बऱ्याच जणांचे मत पडले. माझे अजून ठरलेले नाही.

त्यानंतर मॅडमनी पडलेल्या विमानांचेच गणित धरले. कुशीवर पडलेली, उलटी, कातळावर आदळलेली. या कामाला कुणी विचारत नव्हते, त्यांची बढतीही मागे पडली. पुढे काही छोट्या विमानांवर शेपटीजवळ दुसरा अँटेना बसू लागला. सगळ्यांवर नाही.

गावी जाताना त्या वाट वाकडी करून आळेफाट्याला उतरत. एकदा मी सोबत होतो. दगडूभाऊंनी चहा मागवला, पण मान वर करून पाहिले नाही. मॅडमनी चहा संपवला आणि त्या उठल्या. पुढच्या खेपेला पुन्हा गेल्या.

आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत. सध्या त्यांच्या पडद्यावर पाण्यावर पडलेले विमान आहे. ते गणित तडीस नेण्याइतके आणि त्याहून पुष्कळ अधिक निरोगी आयुष्य त्यांना लाभो. आणि त्या गणिताची गरज कधी कुणाला न पडो.