पान सापडेना
मानपाड्याच्या नाल्याचा आंबूस वास आला की प्रदूषण मंडळातली ती सुनावणी आठवते. कारखान्याने विहीर नासवल्याची तक्रार तिथल्या एका काकांनी केली होती आणि पुरावा होता जवळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंचा पाणी तपासणीचा प्रकल्प. मी बातमीसाठी गेलो होतो. मंडळाच्या अधिकाऱ्याने प्रकल्पाच्या पानाची लिंक उघडली, पण कॉलेजने वेबसाइट बदलल्यामुळे पान सापडेना. बाईंनी प्रिंट पुढे केली. “मॅडम, ही कुणीही छापेल. प्रकल्पाचा कायमचा नोंदणी क्रमांक द्या, वेबसाइट बदलली तरी त्यावरून प्रकल्प सापडतो.” “तो घ्यायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही, सर.” काका बाईंकडे वळले, “मंग आमचे बावीचा पानी कोनी तपासलाच नाय, असा?” “तपासलं हो, काका.” तक्रार फेटाळली गेली. संशोधनाची बातमी करताना आता मी प्रकल्पाचा क्रमांक आधी विचारतो. काका टँकरचं पाणी पितात.