संयुक्त शेगडीबरोबर गिरगावात

बॅलार्ड पियरला बोट लागली तेव्हा मी भलताच आनंदात होतो, हे आधीच कबूल करतो. शहरात हरताळ, आमची चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात, आणि मी टाचा उंचावून दोन गोऱ्या पाहुण्यांना शोधतोय. लाज वाटत होती, तरी हसू आवरेना.

पाहुणे इंजिनियर : हॉलंडचा उंच यान, इटलीचा बुटका कार्लो. इटलीत जमिनीतून नैसर्गिक वायू निघतो. हॉलंडात बराचसा आमच्या लालबागच्या गॅस कंपनीसारखा कोळशापासून करतात. दोन्हींवर चालेल अशी एकच शेगडी त्यांच्या कंपन्यांनी मिळून घडवली होती. ती आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पेटवून बघायची. जमलं, तर त्यांच्या सामाईक प्रयोगशाळेत वर्षभरासाठी माझी वर्णी लागणार होती. घरी बायकोला, सुधाला, यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मनातलं बोलायची सवयच नाही.

ट्रामा बंद, लालबाग लांब. पण तिथलाच गॅस मेनमधून (रस्त्याखालच्या मोठ्या नळातून) माझ्या स्वयंपाकघरात येतो. निघालो चालत. ठाकूरद्वारला हरताळवाल्यांनी शेगडीची पेटी अडवली. दोन देशांनी मिळून केलेली शेगडी आहे म्हटल्यावर त्यांनीच ती खांद्यावर घेतली, आणि ‘संयुक्त शेगडी झालीच पाहिजे’ अशा गजरात आमची वरात चाळीत शिरली. यान सर्वांत मोठ्यानं ओरडत होता.

पाणी झकास उकळलं. पाहुण्यांनी हस्तांदोलन केलं.

“पाण्याचं काय कौतुक?” सुधा म्हणाली. “भाकरी फुगू दे.”

तिनं तव्यावरची भाकरी जाळावर धरली. कडा करपल्या, मधे ढिम्म. यान कार्लोला बोल लावू लागला, कार्लो यानला. मग कळलं, दोघांनीही आपापली नळी आणि बर्नरचं तोंड आणलं होतं. भांडण नको म्हणून मधल्या मापाचं तिसरंच बसवलेलं. मी कार्लोचं अरुंद तोंड यानच्या नळीवर चढवलं. भाकरी टम्म फुगली. कार्लोनं ती हातात घेतली आणि बोटं फुंकत खोलीभर नाचला.

येतोस ना, याननं इंग्रजीत विचारलं.

“काय म्हणतोय तो?” सुधा.

“वर्षभर तिकडे बोलावतोय. मला जायचंय.”

“मग तव्याशी काय बोलताय? इकडे बघून सांगा.”

मी बघितलं. “मला जायचंय गं.”

“जा की. पण भाकरी शिकून जा. तिकडे कोण थापणार आहे?”

पाहुण्यांना बोटीवर पोचवून परतताना वाटलं, आयुष्यभर मी आनंद चोरीच्या मालासारखा लपवला. धोबीतलावापासून एकटाच मोठ्यानं हसत आलो. घरी सुधानं परात पुढ्यात सरकवली. माझी पहिली भाकरी थापतानाच फाटली.